माया

सकाळी ६.३०. इचलकरंजीत घड्याळाआधी माग जागे असतात. पलीकडच्या शेडमध्ये पाळी बदलते, तोवर माझे फॉल भिजवून वाळत पडलेले असतात. न भिजवता लावला, तर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ ओढतो. हे सासूबाईंनी शिकवलं.

९.००. शेजारच्या काकू साड्या न्यायला येतात. बिडिंग मी करते, फॉलची हातशिलाई त्यांची. हुक आणि काजं बोळातल्या आक्का करतात. दुकानातून निघालेली साडी अशी तीन-चार घरं हिंडते, मगच नेसणारीच्या अंगावर चढते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला. पण गावाचं पोट एकट्या मागावर नव्हतं. कांड्या भरणाऱ्या बाया, वहिफणी, सायझिंग, घडीवाले, आणि कापड विकलं गेल्यावर आम्ही.

११.३०. फोनवरून मागवलेली कुर्ती. "ताई, काखेत जरा सैल करून द्या." उलटी करून बघितली. ओव्हरलॉक मारलेलं आणि त्याला लागूनच टीप. आत माया नाही. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. पोरीचा फ्रॉक शिवताना दोन्ही अंगांना दीड-दीड इंच सोडायची, खाली रुंद दुमड. पोरगी वाढली की आई तोच फ्रॉक घेऊन यायची. उसवायचा, सोडायचा, पुन्हा टीप. एक फ्रॉक तीन वर्षं माझ्याकडे येत राहायचा. ही कुर्ती तीनशेला मिळाली. कुर्ती आणणारीला तिच्या पगारात महागाची घे, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आतल्या पट्टीवर तिरुपूर लिहिलंय. तिथंही माझ्यासारखीच कुणी मशीनवर वाकलेली असेल. तिचं काम जावं असं मला वाटत नाही. पण कापड इंचाइंचानं मोजून कापलेलं, माया सोडणं तिच्या हातात नाही. काखेत तिकोनी तुकडा जोडून दिला. चाळीस रुपये.

३.००. मे सरत आला. या दिवसांत गणवेशाच्या कापडांचे ढीग लागायचे, शिकाऊ दोघी धरून आम्ही चौघी बसायचो. आता शाळा तयार गणवेश सांगते. त्या शिकाऊ दोघींतली एक आता बाजारात रेडिमेडच्या दुकानात घड्या घालते. हात फार चांगला होता तिचा. कॉलर अशी बसवायची की बघत राहावं.

७.००. कॉलेजची पोरगी आजीचं इरकली लुगडं घेऊन आली. ड्रेस हवाय. नऊवार कापड, काठ अजून घट्ट. दोन इंच माया सोडून खुणा केल्या. "मागं चेनऐवजी बटणं चालतील?" विचारलं. चालतील म्हणाली.

८.३०. आक्का ब्लाउज न्यायला आल्या. ऐन लग्नसराईत दहा-बारा असायचे. आज चार.

"एवढेच गं?"

"उद्या एक ड्रेस देते, आक्का. अकरा काजं आहेत."