शोधनिबंधलेखन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : संदर्भशुद्धीचा प्रश्न

ज्यांच्या संग्रही सांगण्याजोगा चिकित्सानुभव आहे, त्यांपैकी फार थोडे वैद्य तो लिहून काढतात, हे आपल्या व्यवसायातील जुने शल्य आहे. दिवसभर रुग्ण तपासल्यावर रात्री इंग्रजीत शोधनिबंध लिहिणे बहुतेकांस जड जाते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, पाठोपाठ तशीच अन्य साधने आली आणि ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. मराठीत टिपणे द्यावीत व काही क्षणांत नीटनेटका इंग्रजी मसुदा मिळावा, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. तथापि या मसुद्यात ग्रंथसंदर्भ कोठून येतात, याचा विचार व्यावसायिक बंधुभगिनींनी करणे अगत्याचे आहे.

हे साधन म्हणजे ग्रंथालय नव्हे. अफाट लिखित सामग्रीवरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते व त्यानुसार वाक्य रचते. त्यामुळे भाषा सुघड येते. आशयाच्या सत्यतेची हमी मात्र त्यातून मिळत नाही. संस्कृतच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. आठ अक्षरांचे चार चरण जुळवून, मध्ये ‘वातकफापहम्’सारखे परिचित पद घालून, संहितेत कोठेही नसलेला अनुष्टुभ ते देऊ शकते. वर स्थान, अध्याय व श्लोकांक हे सारे असतेच! जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. वैद्यकातील खोटा संदर्भ असा लगेच उघडकीस येत नाही. एकाच्या निबंधातून तो दुसऱ्याच्या निबंधात जातो, तेथून प्रबंधात आणि पुढे औषधाच्या माहितीपत्रकावरही.

पहिली चाचणी सोपी आहे. चरकाच्या १२० अध्यायांपैकी सूत्र व चिकित्सा या स्थानांत प्रत्येकी ३०, निदान, विमान व शारीर यांत प्रत्येकी ८, तर इंद्रिय, कल्प व सिद्धी यांत प्रत्येकी १२ आहेत. ‘चरक विमानस्थान १४’ असा संदर्भ आला, तर ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. परंतु सर्वच चुका इतक्या भाबड्या नसतात. समजा, आमवाताच्या लक्षणांसाठी ‘चरक चिकित्सास्थान २८’ असे उत्तर आले. तो अध्याय वातव्याधीचा असल्याने ते पटण्याजोगे वाटते. वस्तुतः चरकसंहितेत आमवातावर स्वतंत्र अध्याय नाही. त्याचे निदान माधवनिदानाच्या २५ व्या अध्यायात व चिकित्सा चक्रदत्तात पाहावी लागते. शिवाय चरकाच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम सर्व आवृत्त्यांत एक नाही. म्हणून आपण कोणती आवृत्ती वापरली हे नमूद करणे आवश्यक ठरते, आणि ते केवळ आपणच सांगू शकतो. ग्रंथ हाताशी नसल्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक संपदा संस्थानाने संगणकावर उपलब्ध केलेल्या चरक व सुश्रुत संहितांत मूळ पाठ शोधता येतो.

आधुनिक शोधनिबंधांचेही तेच. डीओआय क्रमांक टाकून निबंध उघडतो का, शीर्षक व लेखक जुळतात का, हे पाहावे. इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देणाऱ्या साधनांत निबंध खरा असतो, पण त्याच्या नावावर खपवलेले विधान त्यात नसते, असेही घडते. निदान सारांश तरी स्वतः वाचल्यावाचून संदर्भ देऊ नये.

भाषांतरात एक वेगळी अडचण आहे. ‘धातुक्षय’ यातील धातू म्हणजे खनिज नव्हे आणि क्षय म्हणजे राजयक्ष्मा नव्हे, हे आपणांस सांगावे लागत नाही. यंत्रास सांगावे लागते. ‘आम’ या संज्ञेसाठी सरसकट विषद्रव्य असा शब्द तर हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञा प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांतील आवश्यक तेवढ्या संज्ञा आरंभीच साधनास पुरवाव्यात व मूळ संस्कृत शब्द तसाच ठेवण्यास बजावावे.

रुग्णवृत्तांतात सर्वाधिक सावधगिरी हवी. टिपणात अनुपान लिहिले नसेल, तर ‘कोमट जलासह, भोजनोत्तर’ असे पद स्वतःहून घातले जाण्याचा संभव असतो. दोन रुग्णांच्या अनुभवास ‘लक्षणीय सुधारणा’ हे विशेषणही सहज चिकटते. वृत्तांतासाठी २०१३ ची केअर मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार कोणती माहिती राहून गेली हे साधनास जरूर विचारावे, पण रिकामी जागा भरण्याचे काम त्यास देऊ नये. रुग्णाचे नाव, दूरध्वनी, छायाचित्र वा ओळख पटेल असे तपासणी अहवाल तेथे मुळीच घालू नयेत. एकदा दिलेली माहिती कोठे साठते यावर आपले नियंत्रण राहत नाही.

औषधनिर्मात्यांशी याचा संबंध नाही असे कोणी मानू नये. ‘ब्राह्मी’ म्हणताच साधन बकोपा मोनिएरी हे नाव देईल. खरेदी केलेले द्रव्य सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी असले, तर बकोपावरील सारे संशोधन त्या पाकिटास लागू होत नाही. रास्नेचीही तीच गत : उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत अल्पिनिया गलंगा. शंखपुष्पीबद्दल न बोललेलेच बरे. माहितीपत्रकासाठी ‘संशोधनाधारित मजकूर’ मागवताना प्रत्यक्ष वापरलेल्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आपणच द्यावे. शिवाय १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे. ‘मधुमेह बरा करते’ असे वाक्य यंत्राने रचले असले, तरी जाहिरातीत छापणाराच उत्तरदायी ठरतो.

श्रेयाविषयी नियतकालिकांची भूमिका आता स्पष्ट आहे. वैद्यकीय नियतकालिक संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ मध्ये सांगितले की, अशा साधनास लेखक म्हणता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. मात्र वापर केल्यास तो जाहीर करावा. त्यासाठी एक वाक्य पुरते : ‘या निबंधाच्या इंग्रजी भाषाशुद्धीसाठी अमुक साधन वापरले, सर्व संदर्भ व चिकित्सातपशील लेखकाने मूळ ग्रंथ व रुग्णपत्रिकांवरून पडताळले आहेत.’ या वाक्याचा उत्तरार्ध खरा असेल तरच निबंध टपालात टाकावा.