काटक्यांचा माणूस आणि तीन बेपत्ता चेहरे

भयपटाच्या प्रसिद्धीचा विषय निघाला की 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चं नाव हमखास येतं, आणि पाठोपाठ आकडे येतात. चित्रीकरणाचा खर्च लाखभर डॉलरसुद्धा नाही, जगभरातली कमाई मात्र २४ कोटी ८० लाख डॉलरांच्या घरात. आकडे खरे आहेत. पण पंचवीसेक वर्षांनी मागे वळून पाहताना मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पत्रकं, वेबसाइट, पोस्टर, टीव्हीवरचा कार्यक्रम, पुस्तक, गाण्यांची सीडी ही सगळी मिळून एकच थाप मारत होती आणि त्यातलं कुणीही जबानी फिरवत नव्हतं.

थाप अशी, की ऑक्टोबर १९९४मध्ये मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात, चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी परतलेच नाहीत. वर्षभराने सापडलं ते फक्त त्यांनी केलेलं चित्रण. मेलेल्या माणसाची डायरी हाती लागणं ही भयकथेतली जुनीच युक्ती. मराठी वाचकांनीही ती भरपूर पचवली आहे. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी ती पडद्याच्या बाहेर आणली. चित्रीकरण १९९७च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत उरकलं होतं. १९९८मध्ये वेबसाइट सुरू झाली, तेव्हा तिच्यावर 'लवकरच येत आहे' छापाचा मजकूर नव्हता. होता तो १७८५पासूनच्या दंतकथेचा कालक्रम आणि बेपत्ता मुलांच्या शोधाचा तपशील. जानेवारी १९९९मध्ये सनडान्स महोत्सवात तिघांच्या फोटोंची 'बेपत्ता' पत्रकं झळकली. तिथेच आर्टिझन या कंपनीने चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरांना विकत घेतला.

मोठा वितरक आला की पहिला घाव सहसा पोस्टरवर पडतो. चकचकीत अक्षरं, किंचाळणारा चेहरा, लाल रंगाचा सडा. आर्टिझनने तो मोह आवरला, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला तोच वाटतो. पोस्टरवरचा, बेपत्ता तिघांपैकी एक असलेल्या हेदरचा चेहराच पाहा. रडून सुजलेले डोळे, डोक्यावर लोकरी टोपी, चेहरा चौकटीतून निसटलेला. कुठल्याही जाहिरात एजन्सीत असा फोटो 'पुन्हा काढा' म्हणून परत आला असता. पण तो तिने स्वतःच कॅमेरा हातात धरून केलेल्या कबुलीजबाबातला, म्हणून असाच असायला हवा होता. काटक्या बांधून केलेली, हातपाय फाकलेली ती आकृतीही तशीच. चित्रपटात ती झाडांना टांगलेली दिसते. काळ्या शाईच्या झेरॉक्समध्ये ती टिकते, शाळकरी पोराला वहीच्या मागच्या पानावर काढता येते, आणि मुख्य म्हणजे ती कुणा डिझायनरने केलेली वाटत नाही, जंगलातल्याच कुणीतरी केलेली वाटते. सगळ्या साहित्याला हाच नियम लागू होता. प्रत्येक वस्तू गोष्टीतल्या माणसाच्या हातची वाटली पाहिजे. पत्रकं शोध घेणाऱ्यांची, पुस्तक म्हणजे प्रकरणाची फाइल, सीडी म्हणजे तिघांतल्याच जॉशच्या गाडीत सापडलेली कॅसेट. (त्या सीडीतली काही गाणी १९९४नंतरची होती. एवढ्या काटेकोर बनावात ही ढिलाई कशी राहिली कोण जाणे.)

जुलै १९९९मध्ये चित्रपट लागण्याच्या तोंडावर सायफाय वाहिनीने 'कर्स ऑफ द ब्लेअर विच' हा तद्दन बनावट माहितीपट दाखवला, पण चेहरा अगदी गंभीर ठेवून. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबीवर तिन्ही कलाकारांच्या नावापुढे 'बेपत्ता, मृत असल्याचा अंदाज' अशी नोंद होती. बर्किट्सव्हिलच्या नावाची पाटीही लोकांनी पळवली.

आयएमडीबीवरच्या त्या नोंदीतली नावं खरी होती. हेदर डोनाह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकल विल्यम्स यांनी पडद्यावर स्वतःचीच नावं वापरली होती. थाप टिकवायची तर त्यांनी बेपत्ताच राहायला हवं, म्हणून प्रदर्शनापर्यंत त्यांना मुलाखतींपासून लांब ठेवलं गेलं. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. इतर चित्रपटांत प्रसिद्धीची मोहीम नटाला मोठं करते. इथे ती यशस्वी होण्याची अटच नटाने नाहीसं होणं ही होती.

पुढची कहाणी उताराची आहे. २०००च्या ऑक्टोबरात आलेल्या दुसऱ्या भागाने पहिला भाग हा निव्वळ चित्रपट होता, हे कथेतच कबूल करून टाकलं. नाव आणि काटक्यांची आकृती उरली, थाप गेली. आपलं नाव आणि छबी दुसऱ्या भागासाठी वापरल्याबद्दल तिघांनी वितरकावर दावा लावला. पुढे तडजोड झाली. २०१६मध्ये 'द वुड्स' या खोट्या नावाखाली तिसरा चित्रपट तयार झाला. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये प्रेक्षक आत बसलेले असताना बाहेरची पोस्टरं बदलली गेली आणि बाहेर येणाऱ्यांना 'ब्लेअर विच' हे खरं नाव वाचायला मिळालं. युक्ती झकास, पण एका संध्याकाळीत संपणारी. १९९९ची थाप महिनोन् महिने चालली, कारण तिच्यात लोकांना करण्यासारखं काही होतं: शोधायचं, वाद घालायचा, एकमेकांना सांगायचं.

एप्रिल २०२४मध्ये लायन्सगेट आणि ब्लमहाउस या चित्रपट कंपन्यांनी आणखी एका 'ब्लेअर विच'ची घोषणा केली. त्यावर तिन्ही कलाकारांनी जाहीर पत्र लिहिलं. हेदरने मधल्या काळात नाव बदललं होतं. पत्रावर तिची सही 'रे हॅन्स' अशी आहे. १९९९च्या चित्रपटातल्या कामाचं मागचं-पुढचं मानधन मिळावं आणि आमची नावं, चेहरे ज्यात वापरले जातील अशा कुठल्याही नव्या प्रकल्पाआधी, अगदी त्याच्या प्रसिद्धीआधीसुद्धा, आम्हाला विचारलं जावं, अशी त्यांची मागणी होती.