दीर्घ आजार असलेले मूल आणि लस

दमा, जन्मजात हृदयदोष, मधुमेह, सिकलसेल असे महिनोन्‌महिने किंवा आयुष्यभर चालणारे विकार म्हणजे दीर्घकालीन आजार. अशा मुलाला लस झेपणार नाही, ही पालकांची भीती मायेपोटी असते. ज्या तंजावरात तिथल्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवीच्या लसीचा पुरस्कार केला, तिथल्या खेड्यांतही ही भीती आढळते.

वस्तुस्थिती उलट आहे. गोवर किंवा न्यूमोनिया अशा मुलांना अधिक गंभीर होतो, म्हणून लसीची गरज त्यांनाच जास्त. कावेरीला पाणी सुटण्याआधी शेतकरी कच्चा बांध आधी भरतो, तसेच हे.

अपवाद मोजके आहेत. प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत बरेच दिवस चालू असतील, तर गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी (दुबळ्या केलेल्या जंतूंच्या) डॉक्टर पुढे ढकलतात. निष्क्रिय लसी (मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या अंशांच्या) बहुधा देता येतात. दम्याचा नेहमीचा पंप किंवा साधी सर्दी ही लस टाळण्याची कारणे नव्हेत. मुलाची औषधे व पूर्वीची तीव्र अ‍ॅलर्जी लसीआधीच परिचारिकेला सांगावी.