पराभवानंतरचा हंगाम

३१ ऑगस्ट २०१४ रोजीं वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहांत प्रो कबड्डी लीगचा पहिलाच अंतिम सामना झाला आणि त्यांत ‘यू मुंबा’ हा मुंबईचा संघ जयपूरकडून २४-३५ असा हरला. घरच्या प्रेक्षकांसमोर असें अपयश पदरीं आलें म्हणजे व्यावसायिक संघाचे मालक प्रथम खेळाडू बदलूं पाहतात. येथें तसें झालें नाहीं. कर्णधार अनुपकुमार, चढाईचे शब्बीर बापू व सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा, कोपऱ्यांवरील सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर, मध्यरक्षक जीवाकुमार व विशाल माने ही मुख्य मंडळी कायम राहिली.

याचें महत्त्व कबड्डीच्या बचावांत आहे. कोपऱ्यांतला गडी चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो. पण एकट्या हातांनीं धरलेला जवान गडी त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणीं अंगावर आला तरच पकड होते; पळभर उशीर झाला कीं गुण समोरच्या पक्षाला! शेजारी येणारच, या खात्रीवर कोपऱ्याला झेप घ्यावी लागते. अंधेरी-बोरिवलीच्या मैदानांवर साखळी धरून उभीं राहणारीं मुलें हें अनुभवानें जाणतात. ही खात्री एकत्र खेळूनच येते; लिलावांत ती मिळत नाहीं.

२०१५ चा हंगाम त्याची साक्ष देतो. १८ जुलै रोजीं त्याच जयपूरला २९-२८ असें निसटतें हरवून आरंभ झाला. साखळी फेरींतील १४ सामन्यांपैकीं १२ जिंकले, उपांत्य सामन्यांत पाटण्याचा ३५-१८ असा फडशा पाडला, आणि २३ ऑगस्टला बंगळुरूवर ३६-३० अशी मात करून विजेतेपद मिळविलें.

मार्च २०१६ मध्यें संघ पुन्हां अंतिम सामन्यांत आला व पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनीं, २८-३१ असा हरला. या वेळीं मात्र लिलाव आडवा आला. संघांना मोजकेच खेळाडू राखतां आले. छिल्लरला बंगळुरूनें ५३ लाखांना, म्हणजे त्या लिलावांतील सर्वांत मोठ्या बोलीनें नेलें. नाडाही तिकडेच गेला, माने बंगालकडे. त्याच वर्षींच्या पुढच्या हंगामांत यू मुंबाला प्रथमच उपांत्य फेरी गांठतां आली नाहीं. गंमत अशी कीं, दोन्ही कोपरे जसेच्या तसे मिळूनही बंगळुरूला ती गांठतां आली नाहीं. जीवाकुमार मुंबईंतच राहिला होता.