ब्रेक बूस्टरच्या दांड्याचे सुरक्षित समायोजन : एक विवेचन

प्रस्तावना :
नागपूर-जबलपूर मार्गावर कामठीपलीकडे नदीकाठी वसलेले कन्हान हे कोळसा खाणींच्या परिसरातील गाव होय. अवजड वाहनांमागून संथ गतीने जाताना मोटारचालकास येथे वारंवार ब्रेक दाबावा लागतो. त्यातच विदर्भातील उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा स्थितीत ब्रेक बूस्टरच्या दांड्याची लांबी एखाद्या मिलिमीटरने चुकली तरी अपघात संभवतो. प्रस्तुत लेखात या दांड्याचे कार्य व त्याच्या समायोजनाची पद्धती स्पष्ट केली आहे.

बूस्टरचे कार्य :
बूस्टरमधील रबरी पडद्याच्या एका बाजूस इंजिनामुळे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते. डिझेल इंजिनात त्यासाठी स्वतंत्र पंप असतो. पेडल दाबताच पडद्याच्या दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास २० सें.मी. व दाबातील फरक दर चौ.सें.मी.ला ०.६ किलोग्रॅम मानल्यास सुमारे १८८ किलोग्रॅम भाराइतके साहाय्य मिळते. हे बल दांड्याद्वारे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत पोहोचते.

दांड्याच्या लांबीचे महत्त्व :
पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्णपणे मागे आला, तरच मास्टर सिलिंडरमधील सूक्ष्म छिद्र उघडे राहते आणि तापून प्रसरण पावलेले ब्रेक ऑइल टाकीत परत जाते. दांडा अधिक लांब असल्यास हे छिद्र झाकलेले राहते. परिणामी दाब कायम राहतो, ब्रेक घासतात, उष्णता वाढते, ऑइल आणखी प्रसरण पावते व अखेरीस चाके जखडतात. दांडा आखूड असल्यास पेडल अधिक खोल जाते. यातील पहिला दोष विशेष फसवा आहे. कारण थंड गाडीच्या अल्प चाचणीत तो आढळत नाही.

समायोजनाची पद्धती :
अनेक गाड्यांत हा दांडा कारखान्यातच निश्चित केलेला असतो. बूस्टर अथवा मास्टर सिलिंडर बदलला, तरच त्याची तपासणी सहसा आवश्यक ठरते.

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी. इंजिन बंद करून पेडल अनेकदा दाबावे, म्हणजे निर्वात संपतो.
२) मास्टर सिलिंडर सोडवून पिस्टनची खोली व दांड्याची उंची डेप्थ गेजने मोजावी. मोकळीक किती असावी व मोजताना निर्वात असावा की नसावा, हे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेवरूनच ठरवावे.
३) दांडा स्थिर धरून त्याच्या टोकाचा स्क्रू थोडाथोडा फिरवावा व प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. दांडा बाहेर ओढू नये. आतील रबरी चकती निसटण्याचा धोका असतो.
४) जोडणीनंतर गाडी स्टँडवर घेऊन चाके हाताने फिरवून पाहावीत. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर वारंवार ब्रेक दाबून गाडी तापू द्यावी व चाके पुन्हा तपासावीत. गरम अवस्थेत चाके जड फिरत असल्यास इंजिन बंद ठेवून मास्टर सिलिंडरचे नट किंचित सैल करावेत. चाके मोकळी झाल्यास दांडा लांब आहे असे समजावे.

समारोप :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. परंतु नियमाचे पालन अखेर कारागिराच्या अचूकतेवर अवलंबून असते. अंदाजाऐवजी मोजमाप आणि थंड चाचणीबरोबरच गरम चाचणी, ही दोन पथ्ये पाळल्यासच हे समायोजन सुरक्षित ठरते. पुस्तिका वा मोजमापाची साधने उपलब्ध नसल्यास हे काम हाती न घेणेच श्रेयस्कर होय.