आत्राम घराणे, अहेरीचे

महाराष्ट्राच्या आग्नेय टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी येथील राजगोंड जमीनदार घराणे. जमीनदारी नष्ट झाल्यानंतर या घराण्यातील व्यक्तींनी निवडणुकीच्या राजकारणात प्रवेश केला. सिरोंचा विधानसभा मतदारसंघाचे व २००९ पासून त्याची जागा घेतलेल्या अहेरी मतदारसंघाचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे वेगवेगळ्या पक्षांच्या वतीने वारंवार आले. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड व मुलचेरा या तालुक्यांचा प्रदेश येतो. दक्षिणेकडे तेलुगू, पूर्वेकडील डोंगराळ भागात माडिया व गोंडी, मुलचेऱ्याकडे निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि कचेरीत मराठी असा येथील भाषाव्यवहार आहे. मतदान यंत्रे व कर्मचारी यांना दुर्गम केंद्रांवर हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागते, आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव येथील मतदान दुपारी तीन वाजताच संपविण्याची प्रथा पडली आहे.

ब्रिटिश अमदानीत अहेरी ही चांदा जिल्ह्यातील सर्वांत विस्तृत जमीनदारी होती. चांद्याच्या गोंड राजघराण्याशी या घराण्याचे नाते सांगितले जाते. जमीनदारीचे खरे वैभव शेतसाऱ्यात नसून सागाच्या जंगलात होते. आलापल्लीचा साग दूरवर प्रसिद्ध होता. १८५८ च्या उठावात मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांस अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले आणि उठाववाल्यांच्या जप्त जमीनदाऱ्यांतील गावे अहेरीस बक्षीस मिळाली. बाबूराव आज या प्रदेशात वीर म्हणून पूजिले जातात. तरीही त्याच प्रदेशातील मतदारांनी अहेरीच्या वाड्यास पुन्हा पुन्हा मते दिली, ही गोष्ट घराण्याचा प्रभाव जोखताना दृष्टीआड करता येत नाही.

मध्य प्रदेश राज्याच्या कायद्यान्वये १९५१ मध्ये जमीनदारी संपुष्टात आली आणि जंगल शासनाच्या वन खात्याकडे गेले. गावकऱ्यांच्या दृष्टीने मालक बदलला. परंतु लाकूड, बांबू, मोहफुले व तेंदूपान यांवरील त्यांचा हक्क अनिश्चितच राहिला. किंबहुना पूर्वी ज्याच्याकडे गाऱ्हाणे नेता येई तो जमीनदार दूर झाला आणि त्याच्या जागी नाकेदार आला. राजे विश्वेश्वरराव आत्राम यांच्या राजकारणाचे मूळ बहुतांशी या पोकळीत सापडते. जमीन गेली तरी ‘राजे’ ही उपाधी लोकांच्या तोंडी कायम राहिली व गाऱ्हाणी वाड्यावर येत राहिली. विश्वेश्वरराव विधानसभेवर निवडून गेले. त्यांची नागविदर्भ आंदोलन समिती स्वतंत्र विदर्भ राज्याची मागणी करणारी होती. काँग्रेसच्या बाहेर राहून राजकारण करणे त्या काळी या जिल्ह्यात सोपे नव्हते. मारोतराव कन्नमवार यांच्यासारखा मुख्यमंत्री (१९६२–६३) याच जिल्ह्याने दिला होता. १९७७ च्या काँग्रेसविरोधी लाटेत विश्वेश्वरराव चंद्रपूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

तथापि त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाचे कार्य सभागृहाबाहेरचे आहे. गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपाळपटनम या नियोजित धरणांमुळे नदीकाठची माडिया-गोंड गावे व विस्तीर्ण जंगल पाण्याखाली जाणार होते. त्याविरुद्ध १९८० नंतरच्या वर्षांत जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन उभे राहिले. पानाबरसचे माजी जमीनदार व माजी खासदार लाल श्याम शाह, बाबा आमटे आणि विश्वेश्वरराव हे त्याचे प्रमुख नेते होत. धरणे झाली नाहीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावातील ग्रामसभेच्या प्रयोगाची प्रेरणाही याच चळवळीतून आली. दोन माजी जमीनदारांनी, ज्या जंगलावर एके काळी आपली मालकी होती, ते जंगल गावांच्या नावाने मागावे, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

याच सुमारास, १९८० मध्ये, पीपल्स वॉर ग्रुपची दलमे आंध्र प्रदेशातून या भागात आली. तेंदूपानाची मजुरी, वन कर्मचाऱ्यांची जुलूम-जबरदस्ती या प्रश्नांवर त्यांनी जम बसविला, आणि लोकप्रतिनिधी व जनता यांच्यामध्ये शस्त्रधारी तिसरा पक्ष उभा राहिला. १९९१ मध्ये घराण्यातील तत्कालीन आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचेच अपहरण झाले. तुरुंगातील एका नक्षलवाद्याच्या सुटकेच्या बदल्यात ते परत आले. निवडून आलेल्या प्रतिनिधीस आपल्याच मतदारसंघात फिरता येऊ नये, ही स्थिती पुढे अनेक वर्षे टिकली. एटापल्ली व भामरागड तालुक्यांतील गावांची तर दुहेरी कोंडी झाली: मतदान करावे तर दलमांचा रोष, न करावे तर पोलिसांचा संशय.

घराण्यातील स्पर्धा याच काळात उघड झाली. १९९५ मध्ये विश्वेश्वररावांचे पुत्र सत्यवानराव नागविदर्भ आंदोलन समितीकडून विजयी झाले. धर्मरावबाबा पुढे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे आमदार व राज्यमंत्री झाले. २००९ मध्ये अपक्ष दीपक आत्राम यांनी त्यांचा पराभव केला. (आत्राम हे गोंड-माडियांमधील सार्वत्रिक आडनाव असल्याने केवळ नावावरून वाड्याशी संबंध जोडणे चुकीचे ठरते.) २०१४ मध्ये सत्यवानरावांचे पुत्र अम्ब्रीशराव भारतीय जनता पक्षाकडून निवडून आले व जून २०१९ पर्यंत आदिवासी विकास राज्यमंत्री होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काका धर्मरावबाबांनी पुतण्याला हरविले. जुलै २०२३ मध्ये ते अजित पवार गटाबरोबर सत्तेत जाऊन अन्न व औषध प्रशासन मंत्री झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर अपक्ष पुतण्या आणि शरद पवार गटाच्या उमेदवार म्हणून त्यांची कन्या भाग्यश्री असे दोघेही उभे होते. धर्मरावबाबा विजयी झाले. मात्र डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही.

या लढतींत पक्षनिष्ठेचा प्रश्न गौण दिसतो. खरा वाद एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगराभोवती आहे. तेथील लोहखनिजाचा सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ मध्ये लॉईड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा वेगाने सुरू झाले, आणि २०२३ मध्ये वार्षिक उत्पादनाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. परिसरातील माडियांचा ठाकुरदेव याच डोंगरावर असून दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. नोकऱ्या, रस्ते व कारखाना यांची ओढ असलेले तरुण एकीकडे आणि पेसा (१९९६) व वनहक्क (२००६) या कायद्यांचा आधार घेणाऱ्या ग्रामसभा दुसरीकडे, अशी गावोगाव विभागणी झाली. एटापल्ली तालुक्यातीलच तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध मार्च २०२३ मध्ये सुरू झालेले ग्रामसभांचे धरणे पोलिसांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उठविले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. दलमांचे भय ओसरू लागल्यावर, खाणीविषयी आपल्या आमदाराने काय भूमिका घ्यावी हे ग्रामसभांनी त्यास समोरासमोर विचारण्याचा मार्ग प्रथमच मोकळा होत आहे.