दोन कड्या कमी, तरी लांबी तेवढीच

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं एक गॅरेज. सकाळचं दूध घालून तात्या थेट इथेच आलेत. रिकामे कॅन भिंतीला टेकवलेत, गाडी मधल्या स्टँडवर चढली आहे. टाकीवरची ‘हिरो होंडा’ ही अक्षरं अजून शाबूत आहेत. या दोन कंपन्या २०११ च्या सुमाराला वेगळ्या झाल्या. म्हणजे ही स्प्लेंडर त्या सुमाराची किंवा त्याआधीची. इंजिन ठणठणीत आहे. पण गिअर पडला की मागून ‘खडाक्’ होतं आणि खड्ड्यातून जाताना चेन कव्हरवर आपटते.

“तात्या, ॲडजस्टर संपलेत. चाक मागं सरकवायला जागाच उरली नाही,” मिस्त्री सांगतात.

“मग एक जोड कडी काढ की. मागच्या खेपेला एकानं तसंच केलं होतं.”

“आता नको. आधी उघडून दाखवतो.”

चेन कव्हरचे दोन्ही भाग सुटतात. आतून ऊसवाटेवरची माती आणि जुनं काळं ऑइल यांचा घट्ट थर निघतो. हे मिश्रण वंगण उरलेलं नाही. ते चेनला आतून घासतंय. मिस्त्री मागच्या सॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, पाठीमागून चेन दोन बोटांत धरून ओढतात. चेन दातांवरून सरळ उचलली जाते, खाली उजेड दिसतो. सगळे दात एकाच बाजूला झुकलेत, कोयत्याच्या टोकासारखे.

टोकं जोडणारं लॉक काढून चेन उतरते. मागचं चाक बाहेर येतं. हबमधले झटके सोसणारे रबर मिस्त्री दाबून बघतात; चिरा पडल्यात, तेही बदलायचे. पुढचं छोटं सॉकेट इंजिनाच्या डाव्या कव्हराआड असतं. दोन बोल्ट काढून पट्टी फिरवली की तेही हातात येतं. त्याचे दात मागच्याहून जास्त झिजलेत. साहजिकच आहे: मागचं सॉकेट एकदा फिरेपर्यंत पुढचं सुमारे तीनदा फिरतं.

मिस्त्री पुठ्ठ्यावर नवी आणि जुनी चेन शेजारी शेजारी ताणून ठेवतात. नव्या खोक्यावर ४२८ हा आकडा आहे. त्यातला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. दोन्ही चेनची टोकं जुळतात. तात्या म्हणतात, “सारखीच तर हाय!”

“मोजा की.”

तात्या बोटानं कड्या मोजत जातात. जुनीत दोन कड्या कमी भरतात. दोन कड्या काढूनही लांबी नव्या चेनएवढी, म्हणजे अडीच सेंटीमीटर नुसती झीज. पट्ट्या ताणलेल्या नसतात. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतालची बुश केसभर झिजते आणि जवळपास शंभर कड्यांची ती झीज एकत्र होते. अशी लांबलेली चेन दातांत नीट बसत नाही आणि दात खाते. मग त्याच खाल्लेल्या दातांवर नवी चेन चढवली, तर तीही लवकर जाते. तात्या आता कडी काढायचं नाव काढत नाहीत.

नवा सेट, म्हणजे चेन आणि दोन्ही सॉकेट, चढतो. चेनची दोन टोकं मागच्या सॉकेटच्या दातांवर आणून मिस्त्री लॉक घालतात, वर पट्टी, तिच्यावर क्लिप. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडे, उघडं तोंड मागे. उलटी बसली आणि कशाला तरी अडकून निसटली, तर चेन तुटून इंजिनाजवळ गुंतते, मागचं चाक जागीच अडकू शकतं. एवढीशी क्लिप, पण माणसाचा जीव तिच्यावर असतो.

ॲक्सल घट्ट करण्याआधी दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या जातात. चाक हळूहळू फिरवून, चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथे खालच्या बाजूला मधोमध ती वर-खाली करून बघतात. दोन-अडीच सेंटीमीटर खेळ ठेवलाय. तात्यांना चेन अजून ताठ हवी आहे. मिस्त्री मान हलवतात: भरलेले कॅन लादले की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणते, खेळ नसेल तर बेअरिंगवर जोर येतो. शेवटी मागचा ब्रेकही नव्यानं लावून घेतात, कारण चाक जागचं हललेलं असतं.

तुमची गाडी जुनी असेल, तर कडी काढून दिवस ढकलू नका. चेन आणि दोन्ही सॉकेट एकदमच बदला. क्लिपची दिशा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. पहिल्या काही दिवसांत ताण पुन्हा तपासून घ्या, चिखलातून आल्यावर चेन पुसा आणि जळलेल्या ऑइलऐवजी चेनसाठीचं वंगण किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. एवढं केलंत, तर नवा सेट बराच काळ साथ देईल.